युद्धात सैनिकांना प्राण्यांपासून होणारे आजार – एवढ्या संख्येने का?

निमिष_क

नमस्कार मंडळी, सध्या कोरियन युद्धाबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडकलीये. १९५१ ते १९५३ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले जवळपास तीन हजार सैनिक एका विचित्र तापाने आजारी पडले, आधी सणकून ताप, मग बीपी एकदम खाली, मग लघवी बंद, काहींना रक्तस्राव, आणि सुरुवातीला तर दहातला एखादा दगावायचाच. डॉक्टरांना कारणच सापडेना. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की हे शेतातल्या उंदरांपासून आलेलं.

आता माझी शंका अशी की उंदीर तर तिथे आधीपासून होते, शेतकरीही पिढ्यानपिढ्या तिथेच राहत होते, मग हजारोंनी आजारी सैनिकच का पडले? बाहेरून आलेल्यांना प्रतिकारशक्ती नसते हे उत्तर सगळीकडे मिळतं पण तेवढ्याने समाधान होत नाहीये. आणि हे फक्त कोरियातच झालं की बाकीच्या लढायांतही असे प्रकार आहेत? नेपोलियनच्या फौजेतला उवांमुळे पसरलेला टायफस माहीत आहे, ते नको, ज्यात प्राण्यांकडून माणसाला लागण झालीये असंच हवंय. लांबलचक प्रतिसाद चालतील काय, पळतील.

डॉ_खूर

मी जनावरांचा डॉक्टर, सैन्याशी संबंध शून्य, पण हा विषय आमच्या अंगणातला आहे म्हणून लिहितो.

प्रतिकारशक्तीचं उत्तर अगदीच चूक नाही पण अर्धंच आहे. कोरियातला तो ताप ज्याने झाला त्या हंटा विषाणूचं बघा. पाठीवर काळा पट्टा असलेला शेतातला उंदीर असतो, तो स्वतः आजारी पडत नाही, मजेत असतो, पण त्याच्या लघवीतून, लेंड्यांतून, लाळेतून विषाणू बाहेर पडत राहतो. ते वाळतं, मातीत मिसळतं आणि धूळ उडाली की श्वासातून आत जातं. चावायची गरजच नाही. शेतकरी दिवसा शेतात असतो आणि रात्री घरी जातो. सैनिक त्याच बांधात खंदक खणतो, म्हणजे उंदराचं बीळच फोडतो, मग त्यातच झोपतो, त्यातच जेवतो, वरून तोफगोळे पडले की सगळी धूळ नाकातोंडात, आणि हे महिनोन्महिने. उघड्यावर अन्न पडलेलं असतं म्हणून उंदीर आणखी जवळ येतात ते वेगळंच.

आणि एक, शेतकरी आजारी पडत नव्हते असं कोणी सांगितलं? पडतच होते, मोजत कोणी नव्हतं. खेड्यात एक माणूस तापाने गेला तर ती त्या घरापुरती बातमी असते. एकाच तुकडीतले दहा जण एका आठवड्यात लोळले की लगेच कागदावर येतं, वर कळवलं जातं, चौकशी लागते. त्यामुळे आपल्याला जे दिसतं त्यात मोजणीचा वाटा मोठा आहे. पुढे दक्षिण कोरियात नीट नोंदी व्हायला लागल्यावर शेतकऱ्यांमध्येही हा आजार भरपूर निघाला.

जुना_फौजी

डॉक्टरसाहेबांनी बरोबर सांगितलं. कोरियातली गंमत म्हणजे तिथल्या डॉक्टरांचा संशय बरीच वर्षं भलत्याच दिशेला होता, त्यांना वाटत होतं हे माइट म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांमुळे होतंय. का वाटलं तर त्याच्या थोडं आधीच, दुसऱ्या महायुद्धात, बर्माच्या आघाडीवर स्क्रब टायफसने (माइट चावून होणारा ताप) सगळ्यांना धडा शिकवला होता आणि दोन्ही आजारांची लक्षणं कुठे दिसतात, कधी दिसतात हे बरंच सारखं होतं. मग गवत जाळ, युनिफॉर्मला औषध लाव, सगळं करून झालं आणि ताप काही हटेना. पण उपचारांत मात्र त्यांनी कमाल केली, पेशंटना हेलिकॉप्टरने उचलून वेगळ्या हॉस्पिटलात नेणं सुरू केलं, लघवी बंद झालेल्यांना सलाईन किती द्यायचं हे शिकले कारण जास्त दिलं की फुप्फुसात पाणी भरून माणूस जायचा, आघाडीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी डायलिसिसचं मशीनही आणलं. विषाणू माहीत नसताना मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत खाली आणलं. मला यात शास्त्रज्ञांपेक्षा त्या नर्स आणि कंपाउंडर लोकांचं जास्त कौतुक वाटतं, तासातासाला लघवी मोजायची म्हणजे खायचं काम नाही.

विषाणू सापडला १९७६ ला, ली हो-वांग नावाच्या कोरियन शास्त्रज्ञाला, बरे झालेल्या पेशंटचं रक्तद्रव घेऊन त्यांनी उंदरांची फुप्फुसं तपासली तेव्हा. हंटान नावाची नदी आहे तिथली, तिच्यावरून नाव. त्यांनीच पुढे लस काढली, १९९० पासून तिकडे वापरात आहे आणि त्यांच्या सैन्यात देतात.

आता स्क्रब टायफस, हा आपल्या लोकांनी जास्त भोगलेला आहे. आसाम, मणिपूर, बर्मा. जिथे जंगल तोडून किंवा शेत सोडून दिल्यावर उंच गवत वाढतं तिथे हे माइट असतात, उंदरांवर जगतात, आणि माइटची फक्त अळी चावते, तीही दिसणार नाही एवढी बारीक. चावलेलं कळत नाही, दुखत नाही. एक आठवडा दीड आठवडा जातो आणि मग डोकं फुटेल असं दुखतं, ताप चढतो. आमच्या आरएमओ (तुकडीचे डॉक्टर) साहेबांनी एकदा लेक्चरमध्ये सांगितलेलं अजून डोक्यात आहे, तापाचा पेशंट एमआय रूमला (तुकडीच्या दवाखान्यात) आला की त्याला पूर्ण कपडे काढायला लावा, काखेत बघा, जांघेत बघा, बेल्टच्या खाली बघा, सिगारेटचा चटका दिल्यासारखा एक काळा खवला सापडला की निम्मं निदान झालं. जवान लाजतात, सांगत नाहीत, आणि लाजाळू जवान आणि घाईतला डॉक्टर अशी जोडी जमली की चार दिवस मलेरियाच्या गोळ्या चालू राहतात. खवला प्रत्येकाला असतोच असं नाही हेही ते सांगायचे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यावर औषधच नव्हतं, पेनिसिलिन चालत नाही यावर. १९४८ ला क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक वापरून बघितलं आणि आठवडेच्या आठवडे चालणारा ताप एक दोन दिवसांत उतरायला लागला. आता डॉक्सी म्हणजे डॉक्सीसायक्लिन आहे.

शंकासूर

सगळं ठीक आहे काका, पण यातल्या किती साथी खरंच नैसर्गिक होत्या? १९४२ ला स्टालिनग्राडच्या आसपास जर्मन फौजेत तुलारेमिया (उंदीर-सशांकडून माणसाला होणारा जंतूंचा ताप) पसरला तो सोव्हिएतांनी मुद्दाम सोडला होता असं त्यांच्याच जैविक शस्त्रांच्या प्रोग्रॅममधल्या एका माजी बड्या शास्त्रज्ञाने सांगितलंय. बहुतेकांना फुप्फुसाचा प्रकार झाला होता म्हणे, उंदीर हाताळून तो होत नाही, तो हवेतूनच होतो.

डॉ_खूर

शंकासूर, दावा वाचलाय. तो माणूस त्या प्रोग्रॅममध्ये आला खूप नंतर, १९४२ मध्ये तो जन्मलाही नव्हता, त्यामुळे ती ऐकीव गोष्ट आहे. आणि हवेतून झाला म्हणजे शस्त्रच असलं पाहिजे असं नाही.

तिकडे काय झालं होतं ते बघा. लढाईमुळे मोठमोठ्या पट्ट्यांत पीक कापलंच गेलं नाही, शेतात उभं राहिलं. उंदरांना आणखी काय पाहिजे. त्यांची संख्या प्रचंड वाढली, मग साथ त्यांच्यातच पसरली आणि ते मरायला लागले. कडाक्याच्या थंडीत सैनिक काय करणार, मिळेल तो पेंढा गोळा करून त्यावर झोपणार, बुटात भरणार, अंगाखाली घेणार. मेलेले उंदीर, त्यांची घाण सगळं त्या पेंढ्यात, तो झटकला की धूळ थेट फुप्फुसात. वाळलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये फुप्फुसाचा तुलारेमिया दिसतोच. शिवाय सोव्हिएत बाजूलाही लोक आजारी पडले, आणि लढाई तिथवर पोचायच्या आधीपासून त्या भागात साथ होती. उंदीर किती झाले होते याचा एक पुरावा तर मजेशीर आहे, नोव्हेंबर १९४२ मध्ये एका जर्मन पँझर डिव्हिजनचे रणगाडे थंडीपासून वाचवायला पेंढ्यात झाकून ठेवले होते, हलवायची वेळ आली तेव्हा निघालं की उंदरांनी आतल्या वायरींचं आवरण कुरतडलंय, बरेच रणगाडे चालूच होईनात.

१९९९ नंतर कोसोवोतही हाच आजार शेकडो लोकांना झाला आणि तिथेही आधी घातपाताचीच कुजबुज होती. तपासणी झाली तर काय, लोक घरं सोडून पळाले होते, शेतं तशीच, घरात धान्य तसंच, परत आले तोवर उंदरांनी संसार थाटलेला. अन्न आणि पाणी दोन्ही त्यांच्या घाणीने खराब.

निमिष_क

डॉक्टर, म्हणजे मी उलटा विचार करत होतो. सैनिक प्राण्यांच्या भागात जातो म्हणून आजारी पडतो एवढंच मला वाटत होतं, पण तुम्ही म्हणताय की लढाईच उंदीर वाढवते? अजून कुठे दिसलंय का असं, की एक दोन योगायोग आहेत?

डॉ_खूर

माझं मत विचाराल तर हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि यावर लोक कमी बोलतात. क्रिमिया घ्या. जर्मन ताब्याच्या काळात तिथे शिकार बंद पडली, कुरणं आणि शेतं ओस पडली, ससे वाढले, सशांवर गोचिडी वाढल्या. १९४४ मध्ये सोव्हिएत फौजेने भाग परत घेतला आणि शेतीला माणसं नाहीत म्हणून सैनिकांनाच पीक आणि गवत कापायला लावलं. दोनशेच्या आसपास सैनिक रक्तस्रावी तापाने आजारी. आज ज्याला क्रिमियन काँगो ताप म्हणतात त्याची ओळख तिथून झाली. गोचीड तर होतीच आधीपासून, पण मध्ये दोन अडीच वर्षं जमीन मोकळी सोडल्याने जो फुगवटा आला त्यात सैनिक नेमके जाऊन उभे राहिले. हा ताप अजूनही सोडत नाही, २००९ मध्ये अफगाणिस्तानातून जर्मनीतल्या लष्करी हॉस्पिटलात हलवलेला एक अमेरिकन सैनिक यानेच गेला.

पण प्रत्येक वेळी असंच असतं असंही नाही. माल्टाचं उदाहरण पूर्ण वेगळं आहे, तिथे लढाईच नव्हती, ब्रिटिशांची छावणी होती, सगळं शिस्तीत, स्वच्छ. तरी दरवर्षी शेकडो सैनिक आणि नौसैनिक लांबणाऱ्या तापाने महिनोन्महिने बिछान्यावर. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू शोधला १८८७ पर्यंत, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. झॅमिट म्हणून तिथलेच डॉक्टर, त्यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्या धंद्यात हा घोळ आजही रोज होतो. दूध दारात येऊन काढून द्यायचे, ताजं म्हणून लोक कच्चंच प्यायचे. साध्या सैनिकांपेक्षा अधिकाऱ्यांमध्ये जास्त होता हा आजार, दूध त्यांना जास्त परवडायचं. १९०६ ला छावणीत शेळीचं दूध बंद केलं आणि केसेस धाडकन खाली. ना औषध, ना लस. त्याच सुमारास माल्टाच्या शेळ्या घेऊन एक बोट अमेरिकेला निघाली होती, वाटेत खलाशांनी मनसोक्त दूध प्यायलं आणि बहुतेक सगळे आजारी पडले. प्रयोगशाळेत मुद्दाम करायला गेलं असतं तर परवानगी मिळाली नसती असा प्रयोग.

मीनल_र

मस्त धागा. यात क्यू फीवर राहिलाच की. दुसऱ्या महायुद्धात बाल्कनमध्ये जर्मन सैनिकांना फ्लूसारखं काहीतरी व्हायचं, बाल्कन फ्लू म्हणायचे, मग १९४४-४५ ला इटलीत दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना तेच. नंतर कळलं क्यू फीवर. शेळ्या मेंढ्या विताना जी वार पडते, पाणी पडतं त्यात हा जंतू कोट्यवधींनी असतो आणि मातीत महिनोन्महिने टिकतो. लागण व्हायला दहाच्या आतबाहेर जंतू पुरतात. इटलीत सैनिक गोठ्यात, गवताच्या माळ्यावर झोपायचे. इराक आणि अफगाणिस्तानातही अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिकांना झालाय, तिथे तर शेळीच्या जवळही न गेलेले लोक आजारी, कारण वाऱ्याने धूळ येते, आणि हेलिकॉप्टर उतरलं की काय होत असेल विचार करा. मी लॅबमध्ये काम करते त्यामुळे हा जंतू म्हटलं की आमचे हात आपोआप मागे जातात. बहुतेकांना ताप आणि न्यूमोनिया होऊन बरं वाटतं पण ज्यांच्या हृदयाच्या झडपा आधीच खराब आहेत त्यांच्यात तो दबा धरून बसतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी झडपेवर उठतो. तोवर माणूस सैन्यातून बाहेर पडलेला असतो, कोण विचारतंय तू कुठे पोस्टिंगला होतास.

आणखी एक, हा माझा आवडता किस्सा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना चेहऱ्यावर आणि मानेवर अँथ्रॅक्सचे फोड यायला लागले. कुठल्याही जनावराशी संबंध नाही. निघालं काय तर दाढीचा ब्रश! बॅजरच्या केसांचे चांगले ब्रश मिळेनासे झाले म्हणून घोड्याच्या केसांचे बनवले, केस आशियातून आलेले, नीट निर्जंतुक केलेले नाहीत. आणि सैनिकाला दाढी करणं तर सक्तीचंच, कारण विषारी वायूचा मास्क खुंटांवर नीट बसत नाही. रोज सकाळी साबण लावून, वस्तऱ्याने कापून घेऊन त्या जखमेवर अँथ्रॅक्सचा ब्रश. एका संकटापासून वाचवायला दिलेली वस्तू.

शंकासूर

ब्रशचं माहीत नव्हतं, भारी आहे. तुलारेमियाचं अर्धं पटलं. पण मग मलेरिया का नाही घेतला कोणी? १९४३ ला बर्माच्या आघाडीवर एका जखमीमागे एकशे वीस आजारी अशी परिस्थिती होती, ब्रिटिश जनरल स्लिमच्याच फौजेत. त्यात सगळ्यात मोठा वाटा मलेरियाचा.

जुना_फौजी

कारण निमिषने प्राण्यांकडून आलेलं विचारलंय. डास माणसाचाच मलेरिया माणसाला देतो, उवांचा टायफस आणि ट्रेंच फीवर पण तसेच, साठा माणसातच. त्यामुळे तिथे उपाय वेगळा, छावणीतल्या आजारी माणसाला बरं केलं, उवा मारल्या की साखळी तुटते. उंदीर शेळ्यांच्या बाबतीत सगळ्या जवानांना बरं केलंत तरी साठा बाहेर शाबूत.

निमिष_क

मग आज सैन्यं करतात काय यावर? म्हणजे लस सगळ्यांवर नाही, उंदीर सगळे मारता येत नाहीत, लढाई चालू असताना कोण गवत झटकून झोपणार.

जुना_फौजी

कंटाळवाण्या गोष्टी करतात आणि त्याच चालतात. युनिफॉर्मला परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेलं असतं, धुतलं तरी बराच काळ टिकतं. पँट बुटात खोचायची, बाही खाली, उघड्या कातडीला रिपेलंट. संध्याकाळी एकमेकांची पाठ, मान, काखा बघायच्या, गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ वर ओढायची, काडी पेटवून चटका द्यायचे प्रकार करायचे नाहीत. बंद खोली किंवा जुना बंकर उघडला तर आधी हवा खेळू द्यायची, झाडू मारायचा नाही, जंतुनाशकाने ओलं करून पुसायचं. हे शेवटचं लोकांना पटतच नाही, झाडू दिसला की हात शिवशिवतात. अन्नाचे डबे उघडे ठेवायचे नाहीत, कचरा झोपायच्या जागेपासून लांब. आणि हे सगळं करवून घेणं ही कंपनी कमांडरची जबाबदारी, डॉक्टरची नाही. ज्या तुकडीत अधिकारी स्वतः बाह्या वर करून फिरतो तिथे सिक रिपोर्ट वाढलेला दिसणारच.

गोळ्यांचाही उपयोग आहे पण ठरावीक ठिकाणी. लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) पनामाच्या जंगलात ट्रेनिंग घेणाऱ्या अमेरिकन सैनिकांवर ट्रायल झाली होती, १९८४ ला छापून आली, नऊशेवर सैनिक, निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी, निम्म्यांना औषध नसलेली नुसती गोळी. नुसती गोळीवाल्यांत २० आजारी, डॉक्सीवाल्यांत १. चिखलपाण्यात तीन आठवडे राहायचं असेल तर बेस्ट, पण वर्षभर सीमेवर बसलेल्याला कायम चारत राहणं शक्य नाही.

मीनल_र

इराकमधलं पण टाका काका, २००३ ला तिथे वाळूमाशी चावून अमेरिकन सैनिकांना शेकडोंनी लेशमॅनियाचे फोड आले. परजीवी वाळवंटातल्या बिळात राहणाऱ्या उंदरांत असतो. रिपेलंट, मच्छरदाणी सगळं पुरवलेलं कागदावर, पण पोरं उकाड्याने उघडी झोपायची. मच्छरदाणी नीट लावली तर उरलासुरला वाराही बंद होतो कारण वाळूमाशी डासापेक्षा लहान, जाळी बारीक लागते. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

निमिष_क

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. एक शेवटचं, छावणीत कुत्री पाळतात सैनिक, फोटो बघितलेत खूप. ते चालतं का? की त्यावरही बंदी आहे?

डॉ_खूर

बऱ्याच सैन्यांत बंदी आहे आणि बऱ्याच छावण्यांत ती पाळली जात नाही. मी जनावरांचा डॉक्टर असून बंदीच्या बाजूने आहे. २०११ मध्ये एक अमेरिकन सैनिक न्यूयॉर्क राज्यात रेबीजने गेला, कुत्रा चावला होता अफगाणिस्तानात, सात आठ महिने आधी. परत आला, सगळं नीट चालू होतं, आणि मग मान दुखायला लागली, हातांना मुंग्या. लक्षणं सुरू झाली की हातात काही उरत नाही. त्यानंतर त्यांच्या सैन्याने चावा घेतलेल्या बाकीच्या सैनिकांना शोधून शोधून लस द्यायला सुरुवात केली.

बेवारस पिल्लू पाळायचंच असेल तर त्याला आणि पाळणाऱ्याला दोघांना आधी लस. चावलं, ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि त्याच दिवशी लस सुरू, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन). आधी लस झालेली असेल तर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, दोन डोस पुरतात, आणि आघाडीवर जिथे फ्रिजच दोन दिवसांच्या अंतरावर आहे तिथे हा फरक फार मोठा आहे, त्यामुळे कुत्र्यांच्या भागात पाठवायच्या तुकडीला निघायच्या आधीच टोचून टाकावं या मताचा मी आहे.